चार बोटांचें अंतर



कान आणि डोळा यांत चार बोटांचें अंतर आहे, असें आपल्याकडे वडील माणसें सांगत आलीं आहेत. ऐकलेली गोष्ट आणि पाहिलेली गोष्ट यांची योग्यता एक समजूं नये, एवढाच या म्हणीचा अर्थ. ही म्हण रूढ झाली त्या काळीं ऐकीव गोष्ट सांगणारा मनुष्य समोर बसलेला असे. त्याचा स्वभाव, त्याचा स्वार्थ आणि त्याची थापा मारण्याची संवय हीं सर्व गांवाला ठाऊक असत. आज सांगणारा समोर नसतो. तो शेंकडों कोस दूर असतो, एकाच वेळीं लक्षावधि लोकांशीं बोलतो, आणि त्याच्या बोलण्याचा खर्च पुष्कळदां कांहींतरी विकूं पाहणारा तिसराच मनुष्य देत असतो. या तिसऱ्या माणसानें त्या चार बोटांच्या अंतराचें काय केलें, आणि अमेरिकेंतील कांहीं कादंबरीकारांच्या तें कसें ध्यानांत आलें, याचा थोडासा इतिहास आज आपल्यापुढें मांडण्याचा विचार आहे.

मी इंग्रजी वाङ्मयाचा पंडित नव्हे. मॅट्रिक होऊन शाळामास्तर झालों, इतिहास-भूगोल शिकवीत उभी हयात घालविली, आणि सेवानिवृत्त झाल्यावर शब्दकोश मांडीवर घेऊन हीं पुस्तकें वाचलीं. परंतु या विषयाकडे मला विद्वत्तेनें नेलें नाहीं. माझ्या एका चुकीनें नेलें. ती चूक प्रथम सांगतों.

शाळेंत नभोवाणीचा धडा आला कीं मी मुलांना एक हकीकत रंगवून सांगत असें. १९३८ सालच्या ऑक्टोबर महिन्याची ३० तारीख, रविवार, रात्रीं आठची वेळ. न्यूयॉर्क शहरांतील कोलंबिया ब्रॉडकास्टिंग सिस्टिम या संस्थेच्या केंद्रावरून ऑर्सन वेल्स नांवाच्या अवघ्या २३ वर्षांच्या नटानें आपल्या मंडळीसह एक श्रुतिका सादर केली. मूळ कादंबरी एच्. जी. वेल्स या इंग्रज लेखकाची, १८९८ सालची. मंगळावरील प्राणी पृथ्वीवर स्वारी करतात हें तिचें कथानक. हॉवर्ड कॉच यानें तिचें रूपांतर करतांना मोठी युक्ति योजिली. आरंभीं हवामानाचें वृत्त, मग एका उपाहारगृहांतील वाद्यवृंद; तो मध्येंच थांबवून बातमी; पुन्हां वाद्यें, पुन्हां बातमी. न्यू जर्सी प्रांतांतील ग्रोव्हर्स मिल या खेड्यांत आकाशांतून कांहीं पडलें आहे, तेथें बातमीदार पोंचला आहे, तो बोलतां बोलतां एकाएकीं गप्प झाला आहे, अशा क्रमानें ती श्रुतिका पुढें सरके. महिन्याभरापूर्वींच म्युनिकच्या पेचप्रसंगीं अमेरिकन श्रोत्यांना गाणें थांबवून बातमी ऐकण्याची संवय जडली होती. एवढें सांगून मी आवाज चढवून म्हणत असें, "आणि मुलांनो, सारी अमेरिका घरेंदारें सोडून रस्त्यावर धांवत सुटली!"

एका वर्षीं सातवींतील एका मुलीनें उभें राहून विचारलें, "गुरुजी, किती लोक पळाले हें मोजलें कोणीं?" मीं उत्तर दिलें, "पुस्तकांत दिलें आहे." वर्ग हंसला आणि ती खालीं बसली.

सेवानिवृत्तीनंतर मीं त्या प्रश्नाचा माग घेतला. त्याच रात्रीं श्रोत्यांची मोजदाद करणाऱ्या एका संस्थेनें सुमारें ५००० घरीं दूरध्वनि करून, आपण काय ऐकत आहां, अशी विचारणा केली होती. ती श्रुतिका ऐकत असल्याचें सांगणारे शेंकडा दोन निघाले. बाकीच्यांपैकीं बहुतेक जण एकतर कांहींच ऐकत नव्हते, नाहींतर दुसऱ्या केंद्रावर एका कॉफीच्या व्यापाऱ्याच्या पैशानें चालणारा बोलक्या बाहुल्याचा लोकप्रिय कार्यक्रम ऐकत होते. हें नाटक आहे, असें आरंभीं, मध्यंतरांत आणि शेवटीं सांगण्यांत आलेंच होतें. दुसऱ्या दिवशीं मात्र वृत्तपत्रांनीं पहिल्या पानावर सर्व देशांत घबराट पसरल्याचें छापलें. पुढें संशोधकांनीं दाखवून दिलें कीं, या बातम्या मुख्यतः वृत्तसंस्थांकडे आलेल्या तुटक हकीकतींवर रचलेल्या होत्या. शिवाय त्या मंदीच्या काळांत नभोवाणी वृत्तपत्रांच्या जाहिराती ओढून नेत होती. नवें साधन बेजबाबदार आहे असें ठरविण्यांत जुन्या साधनाचा पैका गुंतलेला होता. १९४० सालीं प्रिन्स्टन येथील हॅडली कँट्रिल या मानसशास्त्रज्ञानें ६० लक्ष श्रोते आणि त्यांपैकीं निदान १० लक्ष भयभीत असा अंदाज छापला, आणि दंतकथेला ग्रंथाची प्रतिष्ठा मिळाली. २०१५ सालीं ब्रॅड श्वार्त्झ या अभ्यासकानें त्या वेळीं श्रोत्यांनीं लिहिलेलीं पत्रें तपासून ग्रंथ प्रसिद्ध केला. कांहीं लोक खरोखर घाबरले होते, बहुतेक घाबरले नव्हते, आणि सारी अमेरिका तर मुळींच पळाली नव्हती, असा त्याचा निष्कर्ष आहे.

यावरून उलट टोंकाला जाणेंही बरें नव्हे. १९४९ च्या फेब्रुवारींत दक्षिण अमेरिकेंतील इक्वेडोर देशाच्या क्विटो या राजधानींत हीच कथा स्थानिक गांवांचीं नांवें घालून नभोवाणीवर सादर करण्यांत आली. तेथें लोक खरोखर घाबरले. आणि फसवणूक कळतांच संतापलेल्या जमावानें ती नभोवाणी ज्या वृत्तपत्राच्या इमारतींत होती तिलाच आग लाविली. माणसें मेलीं. तेव्हां कान फसतो हें खरेंच आहे. परंतु मी तीस वर्षें मुलांना कान फसतो हें शिकवीत असतांना माझाच कान फसलेला होता, हेंही तितकेंच खरें आहे.

त्या श्रुतिकेचा आणखी एक शेवट आहे, तो मीं वर्गांत कधीं सांगितला नाहीं, कारण मला तो ठाऊकच नव्हता. त्या रात्रीं या कार्यक्रमाला कोणी जाहिरातदार नव्हता. एवढा गाजावाजा झाल्यावर मात्र डबाबंद सारविकणारी कॅम्बेल कंपनी पुढें आली, आणि डिसेंबर १९३८ पासून तीच नाटकमंडळी 'कॅम्बेल प्लेहाउस' या नांवानें बोलूं लागली. मंगळावरून आलेली भीति महिन्या-दीड महिन्यांत सार विकण्याच्या कामीं आली.

हा तिसरा मनुष्य नभोवाणींत शिरला केव्हां, तें आतां पाहूं. २८ ऑगस्ट १९२२ रोजीं न्यूयॉर्कच्या डब्ल्यू-ई-ए-एफ या केंद्रावरून दहा मिनिटांचें एक भाषण झालें. हें केंद्र एका दूरध्वनि कंपनीच्या मालकीचें होतें. आणि दूरध्वनीवर बोलणाऱ्यानें जसे पैसे भरावे तसेच नभोवाणीवर बोलणाऱ्यानेंही भरावे, असा तिचा हिशेब होता. पैसे भरले होते घरें बांधून विकणाऱ्या एका कंपनीनें. नव्या बिऱ्हाडांच्या वसाहतीला तिनें अमेरिकेचे थोर कादंबरीकार नॅथॅनियल हॉथॉर्न यांचें नांव दिलें होतें. त्या भाषणाचा आरंभ या लेखकाच्या निधनास ५८ वर्षें झाल्याच्या स्मरणानें झाला. आणि गर्दीचें शहर सोडून मोकळ्या हवेंत राहावयास या, असा त्याचा शेवट झाला. पैसे घेऊन केलेली नभोवाणीवरील पहिली जाहिरात म्हणून ही ओळखली जाते. तिच्यांत घरें विकावयास एक दिवंगत कादंबरीकार उभा केला होता, ही गोष्ट माझ्या मनांतून जात नाहीं. पुढें कादंबरीकारांनीं जाहिरातीला आपल्या पुस्तकांत उभें केलें, तें जणुं या उसनवारीची परतफेड म्हणून!

१९३३ सालीं प्रॉक्टर अँड गँबल या कंपनीनें कपडे धुण्याच्या भुकटीच्या खपासाठीं एका प्रेमळ विधवेची रोजची कौटुंबिक मालिका सुरू केली. ती १९६० पर्यंत चालली. अशा मालिकांना तेथें 'साबणाचें नाटक' हेंच नांव पडलें. नाटक साबणासाठीं होतें, साबण नाटकासाठीं नव्हता, हें लोकांना कळत होतें. तरीही दुपारीं त्या काल्पनिक बाईचीं दुःखें ऐकून खऱ्या बायका डोळे पुशीत. पुढें दूरचित्रवाणी आली. १९५० सालीं अमेरिकेंतील शेंकडा ९ घरांत ती होती. १९६० सालीं शेंकडा ८७ घरांत. इतक्या थोड्या वर्षांत इतक्या घरांत शिरलेली दुसरी वस्तु क्वचितच सांपडेल. आणि ती वस्तु विकत घेतल्यावर तिच्यांतून दिवसभर इतर वस्तु विकत घेण्याचा उपदेश चाले. पूर्वीं मनुष्य गरज पडली म्हणजे बाजारांत जाई. आतां बाजारच गरज घेऊन घरीं येऊं लागला. यालाच आपण हल्लीं चंगळवाद म्हणतों.

आपल्याकडे हा क्रम निराळा होता. येथील नभोवाणी १९३० सालीं सरकारनें हातीं घेतली, १९३६ सालीं तिला 'ऑल इंडिया रेडिओ' हें नांव मिळालें, आणि विविध भारतीवर जाहिरातींना वाट मिळाली ती १९६७ च्या नोव्हेंबरांत, मुंबई, पुणें व नागपूर या आपल्याच केंद्रांपासून. सरकारी आवाजाचे दोष निराळे असतात. परंतु तो या इतिहासाचा विषय नव्हे.

डॅनियल बूर्स्टिन या अमेरिकन इतिहासकारानें १९६२ सालीं 'द इमेज' नांवाचा ग्रंथ लिहून या स्थितीला नांव दिलें. कांहीं घटना घडतात म्हणून त्यांची बातमी होते. पण कांहीं घटना बातमी व्हावी म्हणूनच घडवून आणल्या जातात. पत्रपरिषदा, वर्धापनसोहळे, पुढाऱ्यांच्या मुलाखती हीं त्याचीं उदाहरणें. अशा घटनांना त्यानें आभासघटना म्हटलें. बूर्स्टिनच्या मतें या आभासाचा दोष केवळ विकणाऱ्याचा नाहीं. रोज सकाळीं कांहींतरी अद्भुत घडलेंच पाहिजे, अशी आपली अपेक्षा असते; आणि ती पुरविणारा कोणी ना कोणी निघतोच.

येथें एक शंका येईल. पुस्तकांनीं माणसाला भुलविणें हें जुनेंच नाहीं काय? स्पेनच्या सर्व्हांटिसनें १६०५ सालीं लिहिलेला डॉन क्विक्झोट शूरांच्या कथा वाचून वेडा झाला व पवनचक्क्यांना राक्षस समजून त्यांच्यावर चालून गेला. त्याची पुढची गंमत थोड्यांस ठाऊक असते. १६१४ सालीं दुसऱ्याच कोणीं टोपण नांवानें त्या पुस्तकाचा बनावट उत्तरभाग छापून विकला. तेव्हां १६१५ च्या आपल्या खऱ्या उत्तरभागांत सर्व्हांटिसनें नायकाला बनावट पुस्तकाची बातमी लावून दिली. खोट्या पुस्तकांत तो सारागोसा शहरीं गेलेला दाखविला आहे, म्हणून खरा नायक मुद्दाम तिकडे न जातां बार्सेलोनास जातो, आणि तेथें एका छापखान्यांत त्या खोट्या पुस्तकाचीं मुद्रितें तपासली जात असलेलीं पाहतो! मुद्रणाचा बाजार आणि सत्य यांचें भांडण असें चारशें वर्षें जुनें आहे. परंतु त्या कथेंत वेडा एक होता. पवनचक्की ही पवनचक्कीच आहे, असें सांगणारा सांचो शेजारीं होता. विसाव्या शतकांतील लेखकांपुढें प्रश्न पडला तो हा कीं, सांचोच्याही घरीं तोच आवाज रात्रंदिवस बोलत असेल तर काय होईल?

प्रथम हा प्रश्न हलक्या समजल्या जाणाऱ्या विज्ञानकथेनें विचारला. फ्रेडरिक पोल हा लेखक कांहीं काळ जाहिरातींचा मजकूर लिहिण्याचेंच काम करीत असे. त्यानें १९५५ सालीं 'द टनेल अंडर द वर्ल्ड' ही कथा लिहिली. तिच्यांतील नायक रोज सकाळीं उठतो तों तारीख १५ जूनच असते. आणि रोज रस्त्यावर नव्या वस्तूंच्या नव्या जाहिराती कर्कश आवाजांत चाललेल्या असतात. अखेरीस त्याला कळतें कीं, एका रासायनिक कारखान्याच्या स्फोटांत त्याचें गांव केव्हांच मेलें आहे. एका जाहिरातवाल्यानें तें उद्‌ध्वस्त गांव घेतलें, मृतांचीं मनें चिमुकल्या यंत्रबाहुल्यांत घातलीं, आणि टेबलावर मांडलेल्या त्या गांवावर तो रोज जाहिरातींचे प्रयोग करीत आहे. रात्रीं त्यांची आठवण पुसून टाकली कीं दुसऱ्या दिवशीं पुन्हां १५ जून! रासायनिक कारखान्याचा हा तपशील आपण लक्षांत ठेवावा. शेवटीं तो पुन्हां लागणार आहे.

१९५९ सालीं फिलिप डिक याची 'टाइम आउट ऑफ जॉइंट' ही कादंबरी निघाली. तिच्यांतील नायकाच्या डोळ्यांदेखत शीतपेयाचें दुकान विरून जातें, आणि जागेवर उरतो एक कागदाचा कपटा. त्यावर छापलेलें असतें 'शीतपेयाचें दुकान'. हा मनुष्य रोज वर्तमानपत्रांतील कोडें सोडवून बक्षीस मिळवीत असतो. वस्तुतः साल असतें १९९८, युद्ध चालू असतें, आणि शत्रूचें अस्त्र कोठें पडणार हें तो त्या कोड्याच्या मिषानें नकळत सरकारला सांगत असतो. त्याचें मन शांत राहावें म्हणून १९५९ सालचें एक सुखी गांव त्याच्याभोंवतीं रचलें आहे.

या दोन्ही कथांत एक समाधान शिल्लक होतें. फसविणारा कोणीतरी होता, आणि पडदा बाजूस सारला कीं मागें खरें जग दिसत होतें. ज्यांना उत्तर-आधुनिक म्हणतात त्या कादंबरीकारांनीं हें समाधानही ठेवलें नाहीं. त्यांच्या कथांत फसविणारा सांपडत नाहीं आणि पडद्यामागें बहुधा दुसरा पडदा निघतो.

१९६६ सालीं प्रसिद्ध झालेली टॉमस पिंचन याची 'द क्राइंग ऑफ लॉट ४९' ही लहानशी कादंबरी घ्या. तिची नायिका ओडिपा मास ही आरंभीं प्लास्टिकचे डबे खपविण्यासाठीं भरविलेल्या मेजवानीहून घरीं येते, तों एका धनाढ्याच्या मृत्युपत्राची व्यवस्था पाहण्याचें काम तिच्या गळ्यांत पडलेलें असतें. ज्या वकिलाबरोबर तें काम करावयाचें, तो लहानपणीं चित्रपटांत काम करीत असे. दोघें बसलीं असतां त्याचाच बालपणींचा चित्रपट दूरचित्रवाणीवर लागतो. त्याचे भाग मागेंपुढें झालेले असतात, आणि मधून मधून त्या मृत धनिकाच्याच उद्योगांच्या जाहिराती येत राहतात. पुढें एक प्रसंग आहे. ओडिपाचा नवरा नभोवाणीवर निवेदक असतो. एका गोळीबाराच्या जागीं तो तिची मुलाखत घेतो आणि श्रोत्यांना तिचें नांव सांगतो 'एड्‌ना मॉश'. ती चकित होते. तो समजावतो कीं, यंत्रांतून जातांना आवाज बिघडतो. म्हणून आधींच बिघडवून सांगितलें, म्हणजे पलीकडे बरोबर ऐकूं जाईल! स्वतःच्या बायकोचें नांव खोटें सांगणें हाच त्याच्या मतें खरें सांगण्याचा मार्ग झाला आहे. नभोवाणीसमोर बसून मी हें बोलत असल्यामुळें मला हा प्रसंग वाचतांना विशेष हंसूं आलें, आणि मग तितकेंसें आलें नाहीं.

या परंपरेंतील सर्वांत प्रौढ पुस्तक, माझ्या अल्पमतीप्रमाणें, डॉन डिलिलो याचें 'व्हाइट नॉइज'. लेखक कांहीं वर्षें ग्रीसमध्यें राहून १९८२ च्या सुमारास मायदेशीं परतला. तेव्हां विषारी द्रव्यें सांडल्याच्या बातम्या दूरचित्रवाणीवर नित्य येत आणि कोणी त्यांकडे फारसें लक्ष देत नसे, हें त्याला जाणवलें. कादंबरी जानेवारी १९८५ मध्यें प्रसिद्ध झाली व तिला त्या वर्षींचें अमेरिकेचें राष्ट्रीय ग्रंथपारितोषिक मिळालें. नायक एका लहान गांवांतील महाविद्यालयांत प्राध्यापक आहे. आरंभींच तो आपल्या स्नेह्याबरोबर एक धान्याचें कोठार पाहावयास जातो. 'अमेरिकेंतील सर्वाधिक छायाचित्रें घेतलेलें कोठार' अशा पाट्या वाटेवर लावलेल्या आहेत. तेथें लोक छायाचित्रें घेत आहेत, छायाचित्रांचीं कार्डें विकलीं जात आहेत. पण पाट्या वाचून आलेल्या कोणासच आतां तें कोठार दिसत नाहीं, असें तो स्नेही म्हणतो. दुसरा प्रसंग याहून घरगुती. प्राध्यापक चौदा वर्षांच्या मुलाला गाडींतून शाळेंत सोडावयास निघाला आहे. मुलगा म्हणतो, नभोवाणीवर सांगितलें आहे कीं पाऊस रात्रीं पडेल. बाप म्हणतो, अरे, समोरच्या कांचेकडे पाहा, आतांच पडतो आहे! मुलगा आपला हेका सोडीत नाहीं. आपल्या इंद्रियांवर विश्वास ठेवण्याचें कारण काय, असें तो बापालाच विचारतो. ज्यानें वर्गांत चाळीस मुलें सांभाळलीं आहेत त्याला हा मुलगा ओळखीचा वाटेल.

मग खरें संकट येतें. आगगाडीचा एक डबा रुळावरून घसरतो व विषारी धुराचा ढग गांवावर चालून येतो. नभोवाणी प्रथम त्याला पिसासारखा धूर म्हणते, नंतर काळा ढग, आणि शेवटीं 'हवेंतील विषारी घटना'. लक्षणें बदलल्याचें नभोवाणीवर सांगतात, आणि ऐकल्याबरोबर घरांतील मुलींना तीं लक्षणें जाणवूं लागतात. लोकांना हलविण्यास आलेल्या पथकांतील एकजण तर सांगतो कीं, आम्ही या खऱ्या प्रसंगाचा उपयोग पुढील लुटुपुटीच्या सरावाची तालीम म्हणून करून घेत आहों! आश्रयस्थानीं एक मनुष्य हातांत लहानसा दूरचित्रवाणीसंच घेऊन हिंडतो आणि तळमळून म्हणतो कीं, आपल्या संकटाची मोठ्या वाहिन्यांवर बातमीच नाहीं. मग हें भय कांहींच नव्हतें काय? मला हा मनुष्य हास्यास्पद वाटला नाहीं. आपलें दुःख कोणीतरी दाखविल्यावांचून खरें ठरत नाहीं, ही त्याची व्यथा आहे.

याच सुमारास, १९८१ सालीं, पॅरिसमध्यें झां बोद्रियार या तत्त्वज्ञाचा ग्रंथ प्रसिद्ध झाला होता. आतां प्रतिमा वास्तवाची नक्कल राहिलेली नसून प्रतिमाच अगोदर असते आणि वास्तव तिच्या मागून येतें, असें त्याचें म्हणणें. विद्वानांशीं वाद घालण्याची माझी पात्रता नाहीं. तथापि इतिहासाच्या शिक्षकाला तारखा पाहण्याची खोड असते. डिलिलोची कादंबरी छापून तयार होत होती, त्याच वेळीं, २ व ३ डिसेंबर १९८४ यांच्या मधल्या रात्रीं, भोपाळ येथील युनियन कार्बाइडच्या कारखान्यांतून मिथिल आयसोसायनेट हा विषारी वायु सुटला. पुस्तक वाचकांच्या हातीं पडलें तेव्हां त्यांतील काळ्या ढगाला एक खरें गांव मिळालेलें होतें.

त्या कंपनीची १९६० नंतरच्या दशकांतील एक जाहिरात अमेरिकन मासिकांत येत असे. आकाशांतून एक प्रचंड हात आलेला आहे, त्यांतील कांचपात्रांतून तांबडें द्रव हिंदी भूमीवर ओतलें जात आहे, आणि खालीं एक शेतकरी बैल जुंपून नांगर धरून उभा आहे. विज्ञान नवा भारत घडविण्यास साह्य करीत आहे, असा तिचा आशय होता. आणि आपल्या मुंबईजवळ उभारल्या जाणाऱ्या रसायनांच्या कारखान्याचा त्यांत अभिमानानें उल्लेख होता. म्हणजे तत्त्वज्ञ म्हणतो तें येथवर खरें निघालें: चित्र अगोदर आलें. परंतु त्या रात्रीं भोपाळांत जें आलें तें चित्र नव्हतें. लक्षणें नभोवाणीवर ऐकून कोणाचे डोळे चुरचुरले नाहींत. मध्यप्रदेश सरकारनें पुढें ३७८७ मृत्यूंची नोंद केली. ही संख्या याहून पुष्कळ मोठी आहे असें पीडितांच्या संघटना सांगत आल्या. आंकड्यांचा वाद होऊं शकतो. पण श्वास कोंडून मेलेलीं माणसें प्रतिमा नव्हतीं.

मला वाटतें, डिलिलोलाही हें ठाऊक होतें. त्याच्या प्राध्यापकाला त्या ढगांत थोडा वेळ गाडीबाहेर उभें राहावें लागतें, आणि उरलेलें पुस्तकभर मृत्यूचें भय त्याला सोडीत नाहीं. दुकानांतील रंगीत वेष्टनांच्या रांगांत तो तें विसरूं पाहतो, पण विसरूं शकत नाहीं. म्हणून या कादंबऱ्या 'खरें कांहींच नाहीं' असें शिकवितात, हा समज मला चुकीचा वाटतो. खरें आहे तें आहेच. तें पाहण्याची आपली संवय मात्र विकणाऱ्याच्या आवाजानें मोडत चालली आहे, आणि तिची किंमत जो मनुष्य समोरच्या कांचेवरचा पाऊस पाहात नाहीं त्याच्याकडून आज ना उद्यां वसूल होते, असें या लेखकांचें सांगणें आहे.

आतां थोडें माझ्याविषयीं बोलून संपवितों. त्या मुलीचा प्रश्न योग्य होता आणि माझें उत्तर अयोग्य होतें. हें किती लोकांनीं पाहिलें, तें कोणीं मोजलें, आणि सांगणाऱ्याचा त्यांत लाभ काय, हे इतिहासाचे पहिले प्रश्न आहेत. ते विचारणाऱ्या मुलीला मीं खालीं बसविलें, कारण माझी गोष्ट सुंदर होती आणि ती मोडावी असें मला वाटत नव्हतें. मीं कांहीं विकत नव्हतों. तरी वर्गाचें लक्ष मला हवें होतें, आणि त्यासाठीं तीस वर्षें मीं मंगळावरची तीच भीति वापरली. सार विकणाऱ्या त्या कंपनीहून माझा व्यवहार फार निराळा होता, असें म्हणण्याचा मला आतां धीर होत नाहीं. माझ्या हाताखालून गेलेलीं कांहीं मुलें आज स्वतः शिक्षक आहेत. तीं ती हकीकत पुढें सांगत असतील, आणि 'आमच्या गुरुजींनीं सांगितलें' असा आधारही देत असतील. प्रत्येकाच्या दारीं जाऊन ती परत घेणें मला शक्य नाहीं. ज्या साधनाविषयीं ही दंतकथा जन्मास आली त्याच साधनानें ती मागें घ्यावी, म्हणून येथें बोलावयास आलों.

तुम्हीही माझें हें बोलणें कानानेंच ऐकत आहां. मीं सांगितलेल्या तारखा व नांवें ग्रंथालयांत जाऊन ताडून पाहा. कोठें चूक आढळली तर ती कळवा. कोणी मुलगा किंवा मुलगी वर्गांत उभी राहून "हें कोणीं मोजलें?" असें विचारील, तर तिला खालीं बसवूं नका. तें चार बोटांचें अंतर राखण्याचें काम तीच करीत असते.